काट्यांचा मुकुट धारण करणारा तारामीन

मोसम नदीच्या काठी वसलेल्या नामपूरसारख्या गावचा मनुष्य समुद्रातील प्राण्याविषयी बोलू लागला, तर आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. नामपूरपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. आमच्या बागलाणात कांदा, डाळिंब आणि द्राक्षे ह्यांविषयी सारेच अधिकाराने बोलतात. समुद्राविषयी कोणी तोंड उघडीत नाही. तेव्हा मी हा विषय का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे.

माझ्या लहानपणी मुंबईस नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने आमच्या घरी एक वाळलेला तारामीन आणून दिला होता. पाच हातांचा, तळव्याएवढा, वजनाने बिस्किटासारखा हलका. पुढे पुष्कळ दिवस तो दिवाणखान्यातल्या फडताळात शोभेची वस्तू म्हणून पडून होता. एकदा आमच्या आजोबांनी तो सहज हातात घेतला आणि उलटा केला. खालच्या बाजूस मध्यभागी तोंडाचे छिद्र होते आणि तेथून निघून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत एकेक सरळ चर गेला होता. आजोबांचे सारे आयुष्य शेतात आणि पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात गेलेले. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, ह्याच्या अंगात तर पाट काढले आहेत!’’ आम्ही मुले हसलो. परंतु पुढे प्राणिशास्त्राचे पुस्तक हाती आले तेव्हा कळले, की आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तारामीनाच्या शरीरात खरोखरच पाण्याचे पाट असतात, आणि त्याचे सारे जीवन त्या पाटांवर चालते. आज मला ज्या एका काटेरी तारामीनाची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे, त्याची गोष्टही पाण्यापासून सुरू होऊन पाण्यापाशीच येऊन थांबते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. तारामीन म्हटले तरी हा प्राणी मासा नव्हे. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. शास्त्रज्ञ त्याला कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांच्या संघात घालतात. समुद्री साळू, समुद्री काकडी हे त्याचे भाऊबंद. ह्या संघात आजमितीस सुमारे सात हजार जिवंत जाती गणल्या जातात व त्यांपैकी एकोणीसशेच्या आसपास तारामीनांच्या आहेत. कातडीखाली चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांचा सांगाडा असतो, आणि त्या तुकड्यांवरच गाठी किंवा काटे उगवतात.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत हिंडणाऱ्यास ह्यांपैकी एक जात दिसण्याचा संभव आहे. शास्त्रात तिला ॲस्ट्रोपेक्टेन म्हणतात. तिच्या पाचही हातांच्या कडांना फणीच्या दातांप्रमाणे काट्यांची ओळ असते. ही जात वाळूत स्वतःस पुरून घेते, लहान शिंपले व गोगलगायी सबंध गिळते, आणि आतला जीव पचला म्हणजे रिकामी कवची तोंडावाटे बाहेर टाकते. रत्नागिरी, मालवण येथे सुटीत जाणाऱ्या मंडळींनी वाळूत उमटलेली चांदणीसारखी आकृती पाहिली असेल. तिच्याखाली बहुधा हाच प्राणी दडलेला असतो.

आता आजोबांच्या पाटांकडे वळू. मोसम, आरम, पांझरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत फड नावाची पाणी वाटून घेण्याची पद्धत काही शतके चालत आली. आज ती पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली आहे. तथापि तिची रचना अजून लोकांच्या स्मरणात आहे. नदीवर बंधारा घालावयाचा, त्यामुळे चढलेले पाणी पाटात घ्यावयाचे, पाटातून चाऱ्या काढावयाच्या, चाऱ्यांतून ते शेताशेतात न्यावयाचे, आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे प्रत्येकाचे दार उघडावयाचे व बंद करावयाचे. तारामीनाच्या पाठीवर एक लहानशी चकती असते. तिला बारीक छिद्रे असतात. ती चाळणीसारखी दिसते. समुद्राचे पाणी तेथून आत येते. एका उभ्या नळीतून ते तोंडाभोवतीच्या गोल नळीत उतरते. त्या गोल नळीतून प्रत्येक हातात एकेक पाट गेलेला असतो. आणि पाटाच्या दोन्ही बाजूंस शेकडो बारीक चाऱ्या फुटून त्यांच्या टोकाशी एकेक मऊ, पोकळ पाय असतो. ह्या पायांना नलिकापाद म्हणतात. प्रत्येक पायाच्या वर पाण्याची एक इवलीशी पिशवी असते. पिशवी आवळली की पाणी पायात उतरते व पाय लांब होतो. पायाचे स्नायू आखडले की पाणी पुन्हा पिशवीत चढते व पाय आखूड होतो. असे शेकडो पाय एकामागून एक लांब-आखूड होत राहिले म्हणजे तारामीन चालू लागतो.

येथे एका प्रश्नाचे उत्तरही आपसूक मिळते. मोसमेत मासे आहेत, खेकडे आहेत, शिंपले आहेत. मग तारामीन का नाहीत? एका मोसमेतच काय, पृथ्वीवरील कोणत्याही गोड्या पाण्यात तारामीन नाही, किंबहुना कंटकचर्मी संघातील एकही प्राणी नाही. ज्याच्या अंगातील पाट बाहेरच्या समुद्राशी असे जोडलेले, त्याला अंगातील क्षाराचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा निराळे राखता येत नाही. गोड्या पाण्यात तो फार काळ जगू शकत नाही. समुद्राचे पाणीच जणू त्याच्या अंगात खेळत असते, म्हणून त्या पाण्यातील प्रत्येक बदल त्याला भोवतो. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या सर्व प्राण्यांत काट्यांच्या बाबतीत ज्याचा हात कोणी धरू शकणार नाही, त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅकँथॅस्टर. ख्रिस्ताच्या मस्तकी घातलेल्या काटेरी मुकुटावरून पाश्चात्त्यांनी त्याला ‘काट्यांचा मुकुट’ असे नाव दिले. आपण त्याला कंटकमुकुट म्हणू. त्याचे हात पाचच नसतात. बहुधा १४ ते १८ असतात, कधी २० हूनही अधिक. पूर्ण वाढलेला प्राणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ ते ३५ सेंटिमीटर भरतो. जुने जाणते प्राणी अर्ध्या मीटरहूनही मोठे होतात. पाठीवर सर्वत्र चार-पाच सेंटिमीटर लांबीचे तीक्ष्ण काटे. रंग कोठे करडा, कोठे तांबूस, कोठे जांभळट निळा. काट्यावरील कातडीत विष असते. काटा रुतला की तीव्र वेदना होतात, सूज येते, कधी मळमळ व वांती होते. अशा वेळी जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा व वैद्यकीय मदत घ्यावी, असा सल्ला पाणबुड्यांना दिला जातो.

पूर्वेकडील अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फिउस नावाच्या निसर्गपंडिताच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात ह्या प्राण्याचे वर्णन आहे. १७५८ साली लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर अडीचशे वर्षे सगळीकडचा कंटकमुकुट एकाच जातीचा समजला जात असे. २००८ साली आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्यात आली, तेव्हा ह्या नावाखाली चार निराळ्या जाती नांदत असल्याचे दिसून आले: एक तांबड्या समुद्राची, एक पॅसिफिकची आणि दोन हिंदी महासागराच्या. आपल्या बाजूची, म्हणजे उत्तर हिंदी महासागरातील जात ती अ‍ॅकँथॅस्टर प्लॅन्सी. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटाच्या परिसरात व अंदमानात तिच्या नोंदी झाल्या आहेत.

कंटकमुकुटाचे घर म्हणजे प्रवाळांचे खडक. प्रवाळ हा दगड नसून लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, हे श्रोत्यांस ठाऊक असेलच. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. वाट्यांवर वाट्या चढतात, आणि हजारो वर्षांत त्यांची बेटे तयार होतात. लक्षद्वीपची बेटे अशीच घडली आहेत. ह्या वसाहतीवर कंटकमुकुट चढतो आणि एक विलक्षण प्रकार करतो. तो आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून प्रवाळावर पातळ चादरीसारखे पसरतो. पाचक रस तेथेच स्रवतात, जिवंत प्राणी तेथेच विरघळतात, आणि तयार झालेला रस शोषून घेऊन तो आपले जठर पुन्हा आत ओढतो. स्वयंपाकघरच उचलून शेतात नेण्याचा हा प्रकार! तो पुढे सरकला म्हणजे मागे चुन्याचा पांढरा स्वच्छ सांगाडा उरतो. त्यावर पुढे शेवाळ चढते. असा एक प्राणी वर्षाला सुमारे पाच ते दहा चौरस मीटर प्रवाळ फस्त करतो.

आपल्या घराचे रक्षण प्रवाळही काही प्रमाणात करतात. फांद्यांसारख्या काही प्रवाळांत बोटाच्या पेराएवढे लहान खेकडे भाड्याने राहावे तसे राहतात. कंटकमुकुट जवळ आला की हे खेकडे त्याच्या मऊ पायांना चिमटे काढतात व काट्यांना धरून हिसके देतात. पुष्कळदा एवढा मोठा प्राणी ह्या चिमट्यांना कंटाळून वाट बदलतो. ज्याला मेंदू नाही, केवळ तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आहे, त्यालाही अपमान कळतो असे म्हणावयाचा मोह होतो. हातांच्या टोकांशी मात्र त्याला साधे डोळे असतात, आणि जवळच्या प्रवाळाची अंधुक आकृती त्यांना दिसते, असे प्रयोगांती आढळले आहे.

त्याचा जन्म व बालपण हीही ऐकण्यासारखी हकीकत आहे. पाणी उबदार होते त्या महिन्यांत नर-मादी आपापली बीजे पाण्यात सोडतात. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते. अंड्यातून निघणारे पिल्लू तारामीनासारखे मुळीच नसते. त्याला आपल्याप्रमाणे डावी व उजवी अशा दोनच बाजू असतात. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती खात ते काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जाते. मग खडकावर बसून त्याचे रूपांतर होते, आणि पाच हातांचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचा इवलासा तारा तयार होतो. पुढे त्याला एकेक हात फुटत जातो. ह्या वयात तो पूर्ण शाकाहारी असतो. खडकावरील गुलाबी, चुनखडीच्या शेवाळावर जगतो. सामान्यतः काही महिन्यांनी तो प्रवाळ खाऊ लागतो. पण ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०२० साली असे प्रसिद्ध केले, की प्रवाळ मिळाले नाहीत तर ही पिल्ले शेवाळावरच साडेसहा वर्षांपर्यंत लहानाची लहान राहू शकतात, आणि प्रवाळ मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणजे ज्या खडकावर आज एकही मोठा कंटकमुकुट दिसत नाही, तेथे फटीफटींत त्यांची सेना वाट पाहत बसलेली असू शकते.

इतके ऐकल्यावर कोणीही म्हणेल, की हा प्राणी प्रवाळांचा वैरीच. त्याचा समूळ नाश करावा हे बरे. येथेच थोडे थांबले पाहिजे. कंटकमुकुट संख्येने थोडे असतात तेव्हा ते बहुधा दिवसा कपारीत दडून राहतात व रात्री चरतात. त्यांची आवड झपाट्याने वाढणाऱ्या फांदीदार प्रवाळांवर असते. असे प्रवाळ मोकाट वाढले तर सावकाश वाढणाऱ्या जातींना जागाच उरत नाही. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना १९७० नंतरच्या दशकात असे दिसले, की जेथे थोडे कंटकमुकुट चरतात तेथे प्रवाळांच्या जाती अधिक प्रकारच्या टिकतात. डाळिंबाची छाटणी न करणाऱ्या बागाईतदाराच्या बागेची काय अवस्था होते, हे आमच्या भागात कोणास सांगावे लागत नाही. कंटकमुकुट हा ह्या बागेतला छाटणारा आहे.

परंतु हाच छाटणारा टोळधाडीसारखा आला म्हणजे? एकटा टोळ शेतकऱ्यास भिववीत नाही; धाड आली की गावे हादरतात. १९६० नंतरच्या दशकात पॅसिफिकमधील ग्वाम बेटापाशी कंटकमुकुटांचे थवेच्या थवे दिसू लागले, आणि सुमारे अडीच वर्षांत ३८ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावरील नव्वद टक्के प्रवाळ मेले. १९६२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ ह्या विशाल प्रवाळमालिकेवर ग्रीन आयलंडजवळ अशीच धाड आली, व तेव्हापासून अशा चार मोठ्या लाटा तेथे येऊन गेल्या आहेत. २०१२ साली तेथील शास्त्रज्ञांनी सत्तावीस वर्षांचा हिशेब मांडला. १९८५ ते २०१२ ह्या काळात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ अर्ध्यावर आले होते, आणि त्या हानीपैकी ४२ टक्के वाटा एकट्या कंटकमुकुटाचा होता. ४८ टक्के वादळांचा, आणि दहा टक्के पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचा.

मग थोड्यांचे पुष्कळ होतात कसे? ह्यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे; पण दोन मते मुख्य आहेत. पहिले असे, की त्यांना खाणारे कमी झाले. तुतारी शंख नावाचा एक मोठा, देखणा शंख आहे. त्यातला प्राणी काट्यांची व विषाची पर्वा न करता कंटकमुकुटास खातो. ह्या शंखाचा वास पाण्यात आला तरी कंटकमुकुट दूर पळू लागतात, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु हाच शंख दिवाणखान्यात शोभतो, म्हणून माणसांनी तो जगभर वेचून नेला. काही मासेही लहान कंटकमुकुट खातात; आणि ऑस्ट्रेलियात जेथे मासेमारीस बंदी आहे त्या खडकांवर धाडी कमी येतात, असे दिसून आले आहे.

दुसरे मत आपल्या शेतीच्या अधिक जवळचे आहे. १९८२ साली चार्ल्स बर्कलंड ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पॅसिफिकमधील उंच बेटांवर कोरड्या काळानंतर फार मोठा पाऊस झाला, की त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी कंटकमुकुटांची धाड येते. त्याचा तर्क असा: पाऊस जमिनीतील खाद्यद्रव्ये समुद्रात वाहून नेतो, त्यांवर पाण्यातील सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, आणि एरवी उपाशी मरणाऱ्या पिल्लांपैकी पुष्कळ जगतात. कोट्यवधी अंड्यांपैकी अगदी थोडी अधिक जगली तरी संख्या किती फुगते, ह्याचा हिशेब आपण करावा. तीन वर्षे लागतात, कारण पिल्लू मोठे होऊन नजरेस येण्यास तेवढा काळ जातो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर उसाची मोठी शेती आहे, आणि तेथील खतांतील नायट्रोजन पुराबरोबर प्रवाळांपर्यंत जातो. म्हणून तेथील सरकारने शेतकऱ्यांच्या खतावर मर्यादा घालणारे नियम केले. सर्व धाडींचे कारण एवढेच आहे, असे कोणी म्हणत नाही. पण बांधावर उभे राहून खताचे पोते फोडणाऱ्या मनुष्याच्या हाताचा समुद्रातल्या काटेरी ताऱ्याशी संबंध असू शकतो, हा विचार मला तरी अंतर्मुख करून गेला.

मोसमेचे पाणी मालेगावी गिरणेस मिळते, गिरणा तापीस मिळते, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. आमच्या शिवारातून वाहून गेलेले खत लक्षद्वीपास पोहोचते, असे मी म्हणणार नाही. मध्ये धरणे आहेत, अंतर मोठे आहे, आणि खंबायतच्या गढूळ आखातात असे प्रवाळखडकही नाहीत. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर राहणारा मनुष्य समुद्राचा कोणी लागत नाही, हा समज खरा नव्हे. नदीकाठचे प्रत्येक गाव समुद्राच्या पाटावरच वसलेले आहे.

धाड आल्यावर उपाय काय? पूर्वी पाणबुडे कंटकमुकुट एकेक करून गोळा करीत व किनाऱ्यावर नेऊन पुरीत. त्यांचे पाण्यात तुकडे करणे धोक्याचे, कारण तारामीनाचा तुटलेला हात पुन्हा फुटतो. पुढे विषारी द्रव्ये टोचण्याची पद्धत आली. पण एकेका प्राण्यास अनेक वेळा टोचावे लागे. अलीकडे गुरांच्या पित्तातील क्षार किंवा साधा शिरका एकदाच टोचला तरी प्राणी मरतो, असे आढळून आले. ह्या उपायाने निवडक खडक वाचवता येतात. तथापि कोट्यवधी अंडी घालणाऱ्या प्राण्याशी सुईने लढणे म्हणजे ओंजळीने पूर उपसण्यासारखे आहे. मूळ कारण पाण्यात आहे, आणि उपायही तेथेच शोधला पाहिजे.

उलट, सगळे तारामीन नाहीसे झाले तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. १९६३ साली अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन ह्या प्राणिशास्त्रज्ञाने खडकाच्या एका पट्ट्यावरील सर्व तारामीन हाताने उचलून समुद्रात फेकून दिले, आणि पुन्हा येतील तसतसे फेकीत राहिला. १९६६ साली त्याने निष्कर्ष छापला. त्या पट्ट्यावर पूर्वी १५ जातींचे जीव होते, ते ८ वर आले. तारामीन ज्यांना खात असे त्या शिंपल्यांनी सगळी जागा व्यापून टाकली होती. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला की कमान कोसळते. तसा हा प्राणी त्या वस्तीचा माथ्यावरचा दगड होता. पुढे २०१३ पासून त्याच किनाऱ्यावर तारामीनांत एक भयंकर रोग पसरला. हात गळून पडत, अंग विरघळून जाई. वीसहून अधिक हातांचा सूर्यफूल तारामीन नव्वद टक्क्यांहून अधिक मेला. त्याने आवरलेले समुद्री साळू मोकाट सुटले आणि समुद्रतळावरील शेवाळांची अरण्ये त्यांनी चरून टाकली. ह्या रोगामागे एक जिवाणू असल्याचे २०२५ साली सिद्ध झाले. एका ठिकाणी काटेरी तारे फार झाले म्हणून बाग उजाड झाली, दुसऱ्या ठिकाणी ते नाहीसे झाले म्हणून. दोषी कोणाला ठरवावे?

आपल्या देशात हा प्रश्न लक्षद्वीपच्या बेटांवर राहणाऱ्या लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत ही वस्ती ६४ हजारांच्या वर होती. त्यांची जमीन समुद्रसपाटीपासून अवघी काही मीटर उंच. तिच्याभोवतीचे प्रवाळखडक हाच लाटांविरुद्ध त्यांचा बांध. १९९८, २०१० व २०१६ साली समुद्र तापल्यामुळे तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ सालीही तीच आपत्ती पुन्हा आली. असा आजारी खडक सावरत असताना त्यावर कंटकमुकुटांची धाड पडू नये, ह्याची चिंता शास्त्रज्ञांना वाटते ती ह्यामुळेच. निरोगी प्रवाळास त्याचे चरणे सोसते. थकलेल्यास सोसत नाही. महाराष्ट्राच्या वाट्यासही थोडे प्रवाळ आले आहेत. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहेत, आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळांचा पठारी प्रदेश आहे.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. घरी बसल्या आपण काय करू शकतो, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. दोन साध्या गोष्टी सांगतो. समुद्रकिनारी सहलीस गेल्यावर तुतारी शंख, प्रवाळाचे तुकडे किंवा वाळवलेले तारामीन विकत घेऊ नयेत. तुतारी शंख व प्रवाळ ह्यांना आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पण गिऱ्हाईक असते तोवर चोरटा व्यापार थांबत नाही. मुलांना तारामीन दाखवावयाचाच असेल, तर ओहोटीच्या वेळी पाण्यात, जिवंत दाखवावा. हातात घेऊन फार वेळ उन्हात धरू नये. आणि आपण शेतकरी असाल, तर खत पिकास लागेल तेवढेच द्यावे. त्यात समुद्राचे भले आहे आणि पैशाचीही बचत आहे.

फडाच्या पद्धतीत एक नियम असे. पाणी कमी पडले म्हणजे कोणत्या फडास द्यावयाचे व कोणता कोरडा ठेवावयाचा, हे सारे मिळून ठरवीत. आणि वरच्या बाजूचा शेतकरी पाणी आपल्याच दारी अडवून ठेवू शकत नसे, कारण खालच्याचे पीक त्यावर अवलंबून असे. आमच्या आजोबांनी हा नियम आयुष्यभर पाळला. त्यांचा तो वाळलेला तारामीन अजून माझ्या टेबलावर आहे. तो विकत आणावयास नको होता, हे आता मला कळते. पण टाकूनही देववत नाही. अधूनमधून मी तो उलटा करतो आणि ते पाच कोरडे पाट पाहतो.